डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, भो!

मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा सकाळी सकाळी फोन आला. पापड-मसाल्याचा घरगुती उद्योग, दोंडाईच्याकडच्या. आवाज ऐकूनच कळलं की काहीतरी झालंय. म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठं गयं."

झालं असं की कंप्युटर चालू होईना, म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो चांगला मुलगा होता, त्याने रीतसर विचारलं, "ताई, सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का? फॉरमॅट मारावा लागेल." ताई म्हणाल्या, "नाही रे, सीमध्ये मी कधी काही ठेवतच नाही. माझं सगळं डेस्कटॉपवर असतं."

तुमच्यापैकी काही जण इथे हसले असतील, आणि काही जणांच्या पोटात गोळा आला असेल. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेस्कटॉप ही वेगळी जागा नसते. ते सी ड्राइव्हमधलंच एक फोल्डर असतं. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, ही फोल्डरंही मुळात तिथेच. तीन वर्षांचे गिऱ्हाइकांचे नंबर, पाकिटांच्या लेबलची डिझाइनं, फूड लायसन्सचे कागद, प्रत्येक मसाल्याचं प्रमाण आणि कॉस्टिंगची शीट, सगळं वीस मिनिटांत पुसलं गेलं. दोष कोणाचा? दुरुस्तीवाल्याने विचारलं होतं, ताईंनी खरं उत्तर दिलं होतं. दोघांची भाषा वेगळी होती, एवढंच.

या विषयावर एक व्हिडिओ आधीच टाकलाय. पण त्यात पार्टिशन कसं करायचं ते दाखवता दाखवता वेळ संपला, आणि जे बोलायचं होतं ते राहून गेलं. ते इथे लिहितो. माझं मत थोडं कडक आहे, पण ऐकून घ्या.

आधी माझीच फजिती

मी काही कोणाला वरून शिकवत नाही. हा मार मी स्वतः खाल्लाय.

आमचं दुकान इलेक्ट्रिकल आणि पंपाच्या सामानाचं. मोटारी, केबल, स्टार्टर. गिऱ्हाईक जास्त करून शेतकरी आणि वायरमन. शेतकऱ्याची उधारी कापूस विकल्यावर येते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. वडील सगळं लाल चोपडीत लिहायचे. रोजमेळ वेगळा, खतावणी वेगळी. एकच व्यवहार दोनदा लिहायचा. मी बीबीए करून आलो तेव्हा मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. मी टॅली आणलं, कंप्युटर आणला, आणि वडिलांच्या मागे लागून २०१३ च्या दिवाळीपासून चोपडी बंद केली. लक्ष्मीपूजनाला चोपडीच्या जागी मॉनिटरला हळद-कुंकू लावलं. वडील काही बोलले नाहीत.

मी हुशारी अशी केली होती की ५०० जीबीच्या हार्ड डिस्कचे दोन भाग पाडले होते, सी आणि डी. टॅलीचा डेटा सीमध्ये, आणि दर शनिवारी बॅकअप डीमध्ये. फोल्डरला नावसुद्धा दिलं होतं, "सुरक्षित".

२०१४ चा सप्टेंबर. उधारी सगळ्यात जास्त चढलेली असते तेव्हा. एका दुपारी कॅबिनेटमधून टिक-टिक आवाज यायला लागला, दहा मिनिटांनी स्क्रीन काळी. सीही गेला, डीही गेला. जाणारच. ते दोन ड्राइव्ह नव्हतेच, एकाच चकतीवर मारलेली एक रेघ होती. घराला आग लागली तर दागिने हॉलमध्ये होते की बेडरूममध्ये, याने काय फरक पडतो?

डेटा काढून देणाऱ्यांकडे डिस्क पाठवली. बावीस हजार सांगितले, वर गॅरंटी नाही. मग त्यांनी उघडून पाहिली आणि सांगितलं की चकतीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही. साधारण साडेचार लाखांची उधारी, आणि आमच्याकडे लिहिलेलं काहीच नाही.

वडील आणि मी गाडीवर बसून गावोगाव गेलो. गिऱ्हाइकालाच विचारायचं, "दादा, तुमच्याकडे आमचे किती निघतात?" दुकानदाराला यापेक्षा लाजिरवाणं काही नसेल. बहुतेकांनी खरं सांगितलं. काहींना आठवेना. दोघा-तिघांनी अर्धंच सांगितलं, हे आम्हालाही कळलं, त्यांनाही कळलं. साक्रीकडच्या एका बाबांनी मात्र खिशातून छोटी डायरी काढली. तारीख, केबलचे मीटर, स्टार्टरचा भाव, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. म्हणाले, "तुझा पोरगा कंप्युटरवर लिहायचा, म्हणून मी इकडे लिहून ठेवायचो." त्यांच्या हिशेबाने निघालेली रक्कम वडिलांच्या अंदाजापेक्षा अकराशेने जास्त होती. त्यांनी ती दिवाळीला आणून दिली.

साठ-सत्तर हजार बुडाले ते बुडाले. त्याहून वाईट म्हणजे तो पूर्ण हंगाम वडील माझ्याशी हिशेबाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मग पार्टिशन करायचं की नाही?

करायचं, पण कशासाठी ते समजून करा.

आजकाल जाणकार लोक सांगतात की एसएसडीच्या जमान्यात पार्टिशनची गरज नाही, एकच सी ठेवा, उगाच जागा अडकते. त्यांचं चूक नाही. पार्टिशनने कंप्युटर फास्ट होत नाही, व्हायरस अडत नाही, आणि डिस्क गेली तर काही वाचत नाही. तरीपण घरातल्या कंप्युटरवर धंदा करणाऱ्याला मी दोन भाग पाडायला सांगतो, त्याचं कारण एकच. आपल्याकडे विंडोज बिघडलं की पहिला उपाय म्हणजे सी फॉरमॅट. कामाचं सामान वेगळ्या भागात असेल तर त्या दिवशी ते वाचतं. दोंडाईच्याच्या ताई वाचल्या असत्या. एवढ्यापुरतंच पार्टिशन. सी, डी, ई, एफ करून चार भाग पाडणाऱ्यांना मात्र हात जोडतो. महिन्याभरात सी लाल होतो, एफ रिकामा राहतो, आणि बिलं कुठल्या भागात ठेवली ते कोणालाच आठवत नाही.

करायची पद्धत विंडोजमध्येच आहे, बाहेरचं सॉफ्टवेअर लागत नाही. स्टार्ट बटनावर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' घ्या. तिथे आकडा एमबीमध्ये मागतो. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी, म्हणजे २०० जीबीचा भाग हवा असेल तर २०४८०० लिहा. काळ्या पट्टीत रिकामी जागा दिसेल, तिच्यावर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. झालं. कधी कधी डिस्कवर जागा भरपूर असते तरी विंडोज थोडीच सोडायला तयार होतं. सीमधल्या काही फाइली जागेवरून हलवता येत नाहीत, म्हणून तसं होतं. घाबरू नका, आणि जबरदस्तीही करू नका. त्याच स्क्रीनवर रिकव्हरी नावाचा छोटासा भाग दिसेल. "हा कशाला पाहिजे" म्हणून तो उडवणारे माझ्याकडे दर बॅचला एक तरी येतात. त्याला हात लावायचा नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी बॅकअप. पार्टिशन करताना वीज गेली तर काय, हा प्रश्न पुण्यात कोणी विचारत नसेल, धुळ्यात विचारायला लागतो. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून बसा, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे काम करूच नका.

नवा भाग झाला की डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, आणि तिथून ते डीमध्ये हलवा. डेस्कटॉपचंही तसंच करता येतं. टॅली प्राइम वापरणाऱ्यांनी आपला डेटा कुठे पडतोय ते एकदा बघून घ्या. इन्स्टॉल करताना बदललं नसेल तर तो सीमध्येच पब्लिक फोल्डरच्या आत असतो. मी शिकवलेल्या दुकानदारांपैकी फार थोड्यांना हे आधी माहीत होतं.

सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे

आता तरुण मंडळी म्हणतील, "सर, हे जुनं झालं, आमचं सगळं ड्राइव्हवर आहे." त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातल्या बंदरापर्यंत येते.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये धंदेवाले करासाठी एक अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरतात, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. त्याच्या अपडेटमध्ये कोणीतरी व्हायरस घुसवला. नाव पडलं नॉटपेट्या. खंडणी मागायचा, पण पैसे देऊनही काही परत येत नव्हतं, कारण तो नासधूस करण्यासाठीच बनवलेला होता. त्यात मर्स्क ही जगातली अव्वल जहाज कंपनी सापडली, आणि तिच्याकडचं आपल्या जेएनपीटीमधलं टर्मिनलही ठप्प झालं. आपल्या जळगावची केळी परदेशात जाते ती याच बंदरातून.

या कंपनीकडे जगभरात दीडशेच्या आसपास खास सर्व्हर होते. कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, याचा सगळा नकाशा त्यांच्यात. एकाचं बिघडलं तर दुसऱ्यात आहेच, असा विचार. सगळे एकमेकांशी सिंक होते. पण सगळे एकाच वेळी पुसले जातील हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाकी माहितीचे बॅकअप सापडले, हा नकाशा कुठेच सापडेना. शेवटी एक सर्व्हर सापडला, आफ्रिकेत घानामध्ये. तो का वाचला? तिथे हल्ल्याच्या आधी लाइट गेली होती! तो सर्व्हर नेटपासून तुटलेला होता म्हणून वाचला. तिथलं नेट इतकं हळू की डेटा पाठवता येईना. तिथल्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून तो नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला, तिथे दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात ती डिस्क दिली, आणि तो लंडनला घेऊन गेला. कंपनीने नंतर जाहीर केलं की ४००० सर्व्हर आणि ४५००० कंप्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या घातल्या, पण त्या दिवशी त्यानेच एवढी मोठी कंपनी तारली. म्हणून मी सांगतो, एक कॉपी अशी पाहिजे की जिची वायर काढलेली आहे. सिंकचा स्वभावच असा आहे की इकडे जे होईल ते तिकडेही होतं. पोराने चुकून फोल्डर डिलीट केलं, तर ड्राइव्हवरूनही डिलीट. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद फाइलीच वर चढतात. काही दिवस ट्रॅशमधून किंवा जुन्या व्हर्जनमधून परत मिळतं, पण त्या मुदतीत तुमच्या लक्षात यायला हवं. शिवाय फुकटची जागा किती? गूगलची १५ जीबी, तीही ईमेल आणि फोटोंसकट. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हची ५ जीबी. ती भरली की वर चढणं गुपचूप थांबतं, आणि कोपऱ्यातली ती लाल खूण आपण वर्षभर बघून न बघितल्यासारखी करतो.

क्लाउड वापरू नका असं मी म्हणत नाही. वापरा, मीही वापरतो. फक्त तेवढ्यावर झोपू नका.

कायदा काय म्हणतो

हे कमी लोकांना माहीत आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं जपावी लागतात. आणि सीजीएसटीच्या नियम ५७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की हिशेब कंप्युटरवर ठेवत असाल तर त्याचा बॅकअप असा ठेवा, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झालं तरी वाजवी वेळेत माहिती परत उभी करता येईल. म्हणजे बॅकअप ही हौस नाही, नोंदणी घेतलेल्या माणसावरची जबाबदारी आहे. "साहेब, हार्ड डिस्क उडाली" हे नोटिशीचं उत्तर होत नाही.

काही जण म्हणतात, पोर्टलवर आहेच की सगळं. नाही हो. तुमची रिटर्नं पोर्टलवर आहेत. तुमची उधारी, तुमचा स्टॉक, कोणत्या गिऱ्हाइकाला काय भाव लावला, हे पोर्टलला काय माहीत?

मी काय करतो

३-२-१ नावाचा एक नियम आहे, पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. फोटोग्राफरला सुचला याचं मला नवल वाटत नाही. लग्नाचे फोटो गेले तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

आमच्याकडे तो असा चालतो. रात्री दुकान बंद करताना टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाचा मेनू, त्यातून बॅकअप. दोन मिनिटांचं काम, शटर ओढायच्या आधी. तो डीमध्ये पडतो आणि क्लाउडवरही चढतो. शिवाय बाहेरून लावायच्या दोन हार्ड डिस्क आहेत, एकीवर लाल टेप, एकीवर हिरवी. एका आठवड्यात लाल दुकानात, हिरवी घरी. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कॉपी झाली की वायर काढून कपाटात. दुकान आग्रा रोडच्या बाजूला, घर देवपूरला, मध्ये पांझरा. ऑगस्ट २०१९ मध्ये अक्कलपाड्याचं पाणी सोडलं आणि पांझरेने पुलांवरून उडी मारली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नदीच्या दोन्ही काठांवर एक-एक कॉपी असण्यात किती झोप आहे.

खर्च विचाराल तर एक टीबीची डिस्क काही हजारांत पडते. दुकानाच्या ग्लोसाइन बोर्डाला आपण पंचवीस हजार घालतो तेव्हा हात थरथरत नाही, उद्घाटनाला पेढे वाटतो, आणि डिस्क म्हटली की "नंतर बघू". बोर्ड जळाला तर दुसरा बनतो, भो. पैसे खरंच नसतील तर सुरुवातीला एक चांगला पेनड्राइव्ह घ्या, पण तो बॅकअपसाठीच. त्याच पेनड्राइव्हवर भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायचं, असं केलं तर तो व्हायरसची एसटी बस होतो.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात, बॅकअप उघडून बघायची. तीन महिन्यांतून एकदा जुना बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि दोन-चार खाती उघडून बघा. एका व्यापारी मित्राने दीड वर्ष रोज इमानदारीने बॅकअप घेतला होता. वेळ आली तेव्हा कळलं की तो जुन्या, बंद केलेल्या कंपनीचा बॅकअप घेत होता. यात कोणाला हसू नका, नावं सारखी असली की होतं असं.

नवीन विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला असेल तर अजून एक काम. त्यात बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि तिची रिकव्हरी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. अकाउंट कोणी बनवलं? लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने, त्याच्याच मनाने काहीतरी ईमेल टाकून! ते अकाउंट आजच तुमच्या नावावर करा, किल्लीचा आकडा कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. आणि एसएसडी असेल तर लक्षात घ्या, ती टिक-टिक करून सूचना देत नाही. काल चालू होती, आज नाही. डिलीट झालेलं परत मिळण्याची आशाही जुन्या हार्ड डिस्कपेक्षा तिच्यात फार कमी.

आपल्या धुळ्याला हे सगळं नवीन वाटू नये खरं तर. इतिहासाचार्य राजवाडे शेवटी इथेच राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच वारले. आयुष्यभर त्यांनी वाड्या-वाड्यांतली जुनी दफ्तरं शोधली आणि ती नुसती बांधून ठेवली नाहीत, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून २२ खंड छापले. मूळ कागदाला उद्या वाळवी लागली तरी मजकूर शंभर ठिकाणी आहे. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आपल्या गावात आहे, एकदा जाऊन या. बीबीएला रिस्क मॅनेजमेंटचा पेपर होता, त्यात मला चांगले मार्क होते. पण तिथे जे डोक्यात शिरलं नाही ते मला वडिलांच्या रोजमेळ-खतावणीने आणि त्या बाबांच्या पेन्सिलीने शिकवलं.

वडिलांनी त्या दिवाळीपासून चोपडी परत सुरू केली. आजही रोज रात्री उधारीची यादी ते हाताने उतरवतात, मी टॅलीचा बॅकअप घेत असतो तेव्हा. मी त्यांना थांबवलेलं नाही.

३१ मार्चला जगभर बॅकअप दिवस असतो म्हणे. आपल्याकडे त्या दिवशी कोणाला जेवायला वेळ नसतो, त्यामुळे आपण तो येत्या रविवारी करू. दुपारी तीन वाजता लाइव्ह येतो, रिस्टोअर कसं करायचं ते स्क्रीनवर दाखवतो. आपापली डिस्क किंवा पेनड्राइव्ह हाताशी घेऊन बसा. दोंडाईच्याच्या ताईही येणार आहेत. त्यांची लेबलं एका छापखानावाल्याच्या जुन्या ईमेलमध्ये सापडली, मसाल्यांचं प्रमाण त्यांना तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकांचे नंबर मात्र अजून एकेक करून गोळा करतायत.